चाळीस मायक्रॉन

गाडीला पॉलिश केलं की ती चमकते, कारण रंगाचा वरचा पातळ थर आपण घासून काढलेला असतो. माझ्या शेडवर गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो. बहुतेकांची समजूत उलटी असते. पॉलिश म्हणजे वरून काहीतरी चोपडायचं आणि गाडी लखलखायची, असं त्यांना वाटतं. मेण, सीलंट, सिरॅमिक कोटिंग हे लावायचे प्रकार खरे, पण त्यांनी ओरखडा जात नाही. ओरखड्याच्या तळापर्यंतचा आजूबाजूचा रंग खाली आणला, तरच ओरखडा दिसेनासा होतो.

खाली आणायला रंग असतो तरी किती? मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंतचे सगळे थर मिळून १०० ते १३० मायक्रॉन भरतात. त्यात खालचा गंजरोधक थर, त्यावर रंगाला सपाट पाया देणारा सरफेसर आणि सगळ्यात वर आपल्याला दिसणारा रंग. मेटॅलिक गाडी असेल तर रंगावर पारदर्शक क्लिअर. हा घासता येणारा सगळ्यात वरचा थर सरासरी चाळीसच्या आसपास. मशिन लावून नीट कटिंग केलं की त्यातले दोन ते पाच मायक्रॉन जातात, ते परत येत नाहीत. डेंटिंग-पेंटिंग हा माझा धंदा आहे, पण मनातून मी त्याला या चाळीस मायक्रॉनची राखण समजतो.

हे सगळं पुन्हा मनात आलं ते एका लाल पॅलिओमुळे.

बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेल्या अंबाजोगाईत फेरारी किंवा पोर्शे बघायला मिळत नाही. आमच्याकडं वेगाची हौस असलेला आणि खिसा बेताचा असलेला माणूस जुन्या बाजारात फियाट पॅलिओ १.६ शोधतो. तिचा मान मोठा आहे. २००१ साली ती भारतात आली. भारतात आलेलं तिचं सुधारित रूप जोर्जेत्तो जुजारो यांच्या स्टुडिओत घडलेलं. पहिली फोक्सवागन गोल्फ काढणारे तेच, आणि आपल्या रस्त्यांवर दिसायची ती देवू मटीझही त्यांच्याच स्टुडिओतली. छोट्या हॅचबॅकमध्ये १०० अश्वशक्तीचं इंजिन त्या काळी आपल्याकडं ऐकिवात नव्हतं. ती तयार व्हायची मुंबईत कुर्ल्याला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या फियाट आणि पद्मिनी जिथून निघाल्या, तेच कुर्ला. जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता, आणि त्याच्या नावानं ‘एस१०’ ही फक्त ५०० गाड्यांची मर्यादित आवृत्तीही निघाली. सचिननं २००२ साली ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, तेव्हा फियाटनं त्याला फेरारी ३६० मोडेना दिली आणि किल्ली मायकल शूमाकरच्या हातून दिली. फेरारी तेव्हा फियाटच्याच घरातली. ती गाडीसुद्धा पुढं २०११ मध्ये सुरतच्या एका उद्योजकानं विकत घेतली, म्हणजे तीही सेकंडहँड झालीच. वापरलेल्या गाडीची निगा हा विषय फेरारीलाही चुकत नाही आणि पॅलिओलाही. दोघींच्या अंगावरचा रंग मायक्रॉनमध्येच मोजावा लागतो.

ही पॅलिओ पुण्याची, एमएच-१२ची. मालक तरुण डॉक्टर, इथल्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला आणि आता परळीकडं दवाखाना चालवणारा. गाडी उभी करून तो म्हणाला, “काका, फुल बॉडी मारून टाका. छत काळं करा, मोठे अलॉय टाका, सायलेन्सर बदला. नवी दिसायला पाहिजे बघा.”

मी म्हणालो, “डॉक्टर, आधी धुऊ. मग बोलू.”

धुणं हे कामाचं पहिलं निम्मं अंग आहे, आणि आमच्या भागात ते जास्तच जपून करावं लागतं. परळीच्या औष्णिक वीज केंद्रामुळे त्या बाजूच्या गाड्यांवर बारीक राख बसते. त्या राखेत सिलिकाचे टणक कण असतात. लोक सकाळी कोरडं फडकं घेऊन बॉनेट झटकतात, तेव्हा ते कण रंगावरून फिरतात आणि उन्हात दिसणारं बारीक गोल ओरखड्यांचं जाळं तयार होतं. म्हणून आधी नुसत्या पाण्याच्या दाबानं राख उतरवायची, मग शॅम्पूचा फेस, मग दोन बादल्या. एका बादलीत साबण, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. दुसरी अडचण पाण्याची. इथलं बोअरचं पाणी जड. उन्हात ते वाळलं की क्षाराचे पांढरे ठिपके उमटतात, आणि जास्त दिवस राहिले तर रंगात रुततात. त्यामुळे शेवटच्या धुण्याला मी साठवलेलं पावसाचं पाणी वापरतो आणि गाडी सावलीत पुसतो. नंतर क्ले. तिच्या गोळ्याला फेसाळ पाणी लावून पत्र्यावर अलगद फिरवलं की राख, डांबर, ब्रेकची लोखंडी भुकटी तिला चिकटून येते. हाताला पत्रा गुळगुळीत लागेपर्यंत हे चालतं. डोळ्यांना अजून काहीच फरक दिसत नाही, तरी बोटांना कळतं.

मग मी गेज काढलं. रंगाची जाडी मोजणारं हे हातात मावणारं यंत्र पत्र्यावर टेकवलं की आकडा दाखवतं. छत ८८. बॉनेट ९६. डावी दोन्ही दारं ११० च्या आगेमागे. उजवं पुढचं दार १०८. आणि उजवं मागचं दार ६४०.

डॉक्टर माझ्या खांद्यावरून बघत होता. “हे काय काका?”

“इथं गाडीला कुणीतरी ठोकलंय. पत्रा नीट न काढता वरून लांबी, म्हणजे पुटी, भरलीय.”

विकणाऱ्यानं त्याला गाडी ‘विनाअपघात’ म्हणून दिली होती. गेज बघता आलं की अशी फसवणूक होत नाही, म्हणून जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, सोबत गेजवाला माणूस न्या. दीडशेच्या आतला आकडा बहुधा कारखान्याचा रंग सांगतो. अडीचशे-तीनशे म्हणजे वरून दुसऱ्यांदा रंग मारलाय. त्यापुढं गेला की खाली लांबी आहे.

त्या दिवशी डॉक्टरला मी बाकीची दारं दाखवली आणि फुल बॉडी का मारायची नाही ते समजावलं. कारखान्यात गाडीचा नुसता सांगाडा, काच-रबर-वायर काहीही बसवायच्या आधी, रंगाच्या हौदात अख्खा बुडवतात आणि विजेच्या प्रवाहानं तो गंजरोधक थर कानाकोपऱ्यात चिकटवतात. मग भट्टीत १७० अंशांच्या आसपास भाजतात. वरचा रंगही साधारण १४० अंशांवर भाजला जातो. पूर्ण गाडी परत त्या भट्टीत घालता येत नाही, सगळं प्लॅस्टिक वितळेल. शहरातल्या चांगल्या बूथमध्ये आम्ही लोक हार्डनर मिसळलेला टू-के रंग ६० अंशांवर वाळवतो. तो चांगला असतो, टिकतो, पण तो तो नसतो. कारखान्याचा रंग एकदा घासून काढला की जगातला कुठलाही पेंटर तो परत देऊ शकत नाही.

अंबाजोगाईच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. दासोपंतांची पासोडी आपल्याच गावातली. कापडावर लिहिलेला तो ‘पंचीकरण’ ग्रंथ चारशे वर्षं जुना. शाई फिकी झाली म्हणून त्यावर कुणी नवी शाई फिरवली असती, तर अक्षरं ठळक झाली असती आणि पासोडी गेली असती. जुन्या वस्तूचं मोल तिच्यावर पहिल्यांदा पडलेल्या हातात असतं, आणि आपलं काम तो हात दिसत ठेवण्याचं आहे. गाडीचं मोल पासोडीएवढं नसेल, पण नियम तोच.

डॉक्टर गप्प झाला. मग म्हणाला, “पण बॉनेट गुलाबी पडलंय की.”

ते खरं होतं. सूर्याच्या अतिनील किरणांनी लाल रंग सगळ्यात आधी खचतो. वरचा थर भुकटीसारखा होतो आणि लाल गाडी पांढुरकी गुलाबी दिसायला लागते. मी पांढऱ्या सुती कापडावर चिमूटभर कंपाउंड घेतलं आणि बॉनेटच्या कोपऱ्यात दोन-तीन फेरे दिले. कापड लाल झालं. म्हणजे या गाडीवर क्लिअर नव्हता, रंग एकाच थराचा होता. कापड पांढरंच राहिलं असतं तर मी घासतोय तो क्लिअर, असा अर्थ झाला असता, आणि क्लिअरच सोलायला लागला असता तर पॉलिशनं काहीच साधलं नसतं. एकाच थराचा रंग मात्र वरचा मेलेला भाग निघाला की खालून जिवंत निघतो. उजव्या दाराची काळी पट्टी सोडवून मी त्याला खालचा रंग दाखवला. इतकी वर्षं उन्हाआड राहिलेली ती बोटभर रुंद जागा अस्सल गर्द लाल होती. “तुमची गाडी या रंगाची आहे,” मी म्हणालो. “ती अजून आत आहे.”

पॉलिशचं काम सुरू करताना मी आधी सगळ्या कडांना मास्किंग टेप लावतो. पॅलिओच्या आकारात खिडक्यांखालून पुढून मागे जाणारी एक स्वच्छ कडा आहे. कुठल्याही गाडीवर अशा कडेवर रंग सगळ्यात पातळ बसतो, कारण ओला रंग कडेवरून दोन्ही बाजूंना ओघळतो. मशिनचं पॅड मात्र कडेवर सगळ्यात जास्त दाब देतं. रंग सगळ्यात कमी आणि घासणं सगळ्यात जास्त, अशी ती जागा. घाई करणारा कारागीर इथंच सरफेसरपर्यंत पोचतो. टेप लावलेल्या कडा मी शेवटी हातानं, मऊ कापडानं करतो.

मशिनला मी नेहमी सगळ्यात सौम्य पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिश लावून सुरुवात करतो. हातभर चौकोनात आडवं-उभं फिरवायचं, पुसायचं, उन्हात न्यायचं, बघायचं. भागलं तर तिथंच थांबायचं. नाही भागलं तरच लोकरी पॅड आणि जाड कंपाउंड. बहुतेक ठिकाणी उलटा क्रम असतो. जाडानं सगळं सपासप कापून काढतात, कारण त्यात वेळ वाचतो आणि गिऱ्हाइकाला त्याच दिवशी चमक दिसते. बॉनेटला मला दोन टप्पे लागले, छताला एकच पुरला. छत ८८ होतं, तिथं खोल ओरखडे होते ते मी तसेच सोडले. दोन हातांच्या अंतरावरून ते दिसत नाहीत, आणि ते काढायला लागणारा रंग छतावर नव्हता. हातानं पत्रा वरचेवर चाचपत राहायचं. तळव्याला चटका बसायला लागला की मशिन उचलायचं, कारण तापलेला रंग मऊ होतो आणि पॅड त्याला ओरबाडतं.

बॉनेट पुसलं तेव्हा गुलाबी रंग गेला होता. गेज ९३ दाखवत होतं. तीन मायक्रॉन खर्च झाले.

उजव्या मागच्या दाराला मात्र पर्याय नव्हता. लांबी काढायला घेतली तर खाली हाताच्या पंज्याएवढा खळगा निघाला. पत्रा बाहेर न काढता त्यात थर ओतला होता, मधोमध तर गेज टेकवलेल्या जागेपेक्षा कितीतरी जाड. पॉलिएस्टरची लांबी दोन-तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून जाड भरली की आमच्याकडच्या चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात पत्रा आणि ती वेगवेगळ्या मापानं फुगतात, आणि कधीतरी तडा जातो. तड्यातून पावसाचं पाणी शिरतं, आत गंज धरतो, आणि बाहेरून महिनोन् महिने काही दिसत नाही. दाराचं आतलं कव्हर काढलं, मागून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरला आणि पुढून हातोडीनं हळूहळू पत्रा वर आणला. खिडक्यांखालची ती कडा तिथं लांबीखाली गोल झाली होती. ती परत सरळ उभी करण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. शेजारच्या दारावरून लांब पट्टी टेकवून एक डोळा मिटून बघत बसावं लागतं.

मग इपॉक्सी प्रायमर, बेताची लांबी, १८० आणि ३२० चा पेपर, सरफेसर. सरफेसरवर काळ्या रंगाचा हलका धुरळा मारतो आणि मग पाणी पेपरनं घासतो. जिथं काळं राहतं तिथं खळगा आहे. डोळ्यांना फसवता येतं, या धुरळ्याला येत नाही.

लाल रंगाची स्वतःची अडचण आहे. त्याची झाकण्याची ताकद कमी. खाली सरफेसर कुठल्या छटेचा आहे यावर वरचा लाल उजळ की काळसर ते ठरतं. लातूरच्या दुकानात मशिननं शेड बनवून मिळते, पण मशिनला कारखान्यातून निघाल्या दिवशीचा लाल माहीत असतो, पंधरा-वीस उन्हाळे खाल्लेला नाही. म्हणून मी पत्र्याच्या तुकड्यांवर नमुने मारले, वाळवले आणि पॉलिश केलेल्या पुढच्या दाराशेजारी धरून बघितले. ट्यूबलाइटखाली जुळणारा रंग उन्हात वेगळा निघतो, म्हणून सकाळच्या उन्हात, दुपारी सावलीत आणि तिरकं उभं राहूनही बघायचं.

मारायचा दिवस निवडण्यावरही बरंच अवलंबून असतं. मे महिन्यात दुपारी गनमधून निघालेला रंग पत्र्यावर पोचेपर्यंतच वाळायला लागतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो. पावसाळ्यात हवेतली ओल आड येते. म्हणून उन्हाळ्यात पहाटे लवकर, सावकाश उडणारा थिनर घालून, जमिनीवर पाणी मारून धूळ बसवून मग कॉम्प्रेसर सुरू करतो. माझ्याकडं शिकणाऱ्या पोरांना मी त्या वेळी एकच गोष्ट दरडावून सांगतो: मास्क. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्यानं दमा जडतो, आणि एकदा जडला की तो माणूस या धंद्यात राहू शकत नाही. नाकाला रुमाल बांधून त्यापासून बचाव होत नाही, त्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. चांगला हात तयार व्हायला वर्षं जातात. फुप्फुस गेलं तर तो हातही गेला.

राहिली अपग्रेडची यादी. मी डॉक्टरला माझा नियम सांगितला: जे उद्या काढून परत मूळ करता येईल तेवढंच करू. काळं छत रंगवायचं नाही. हवं असेल तर फिल्म लावू, ती सोलता येते. पण रंग बदलला की आरसी पुस्तकात नोंद करावी लागते हेही लक्षात ठेवायचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. गाडी १५ वर्षांची झाली की नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला उभी करावी लागते. तिथं कर्णकर्कश सायलेन्सर लावून जाण्यात शहाणपण नाही. त्या आवाजाचा दवाखान्यातल्या पेशंटला होणारा त्रास तर त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतो. सायलेन्सरचा विषय त्यानं स्वतःच मिटवला.

अलॉयचं गणित मी कागदावर करून दाखवलं. १७५/६५ आर १४ मापाच्या टायरचा बाहेरचा व्यास ५८३ मिलिमीटर येतो. १८५/५५ आर १५ घेतला तर ५८४-५८५. रिम इंचानं मोठी झाली, रबराची भिंत कमी झाली, व्यास जवळपास तोच राहिला. गाडी वळणावर जास्त घट्ट धरते आणि स्पीडोमीटर खरं बोलतं. पण नुसतं मोठं दिसावं म्हणून १९५/६० आर १५ घातला तर व्यास ६१५, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त. चाक मडगार्डला घासायला लागतं आणि काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टनं पळत असते. आपल्या गाडीला कंपनीनं दिलेलं माप दाराच्या आतल्या कागदावर किंवा मॅन्युअलमध्ये बघायचं आणि त्याच्याशी असा हिशेब लावून मगच चाक निवडायचं.

काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या पांढऱ्या पडल्या होत्या, त्या स्वच्छ करून ट्रिम ड्रेसिंगनं परत काळ्या केल्या. सीटचं मूळ कापड फाटलं नव्हतं, म्हणून शॅम्पूनं धुतलं आणि वरून लेदरचं कव्हर चढवू दिलं नाही. काढलेली प्रत्येक वस्तू, अगदी जुनी व्हीलकॅपसुद्धा, मी पोत्यात बांधून गाडीसोबत दिली. पुढच्या मालकाला ती कधी लागेल सांगता येत नाही.

सोबत एक कागदही दिला. त्यावर गाडीचा वरून काढलेला आराखडा आणि प्रत्येक भागाचे दोन आकडे: कामाआधीचा आणि कामानंतरचा. बॉनेटपुढं लिहिलं, ‘आणखी दोनदा कटिंग चालेल, जपून.’ छतापुढं लिहिलं, ‘मशिन लावू नये.’ उजव्या मागच्या दारापुढं दुरुस्तीची तारीख आणि काय केलं ते. डॉक्टरनं विचारलं, “विकताना हा कागद दाखवला तर किंमत कमी होईल ना काका?” मी म्हणालो, होईल. आणि ज्याला तो दाखवाल तो तुमच्या बाकीच्या शब्दावर विश्वास ठेवील.

आमच्या धंद्यात विकण्यापुरती चमक हा मोठा रोग झालाय. ओरखड्यांत भरून बसणारी तेलकट पॉलिश मिळतात. दोन-तीन धुण्यांत ती निघून जातात, तोवर व्यवहार होऊन गेलेला असतो. गंजावर थेट रंग, खळग्यात लांबी, आणि वर डोळे दिपवणारं बफिंग. यात गिऱ्हाइकाचे पैसे जातातच, पण त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक अशा बफिंगला गाडीवरचे न भरून येणारे मायक्रॉन जातात. पाच मालक झालेली गाडी पाचदा अशी घासली की सहाव्याच्या हाती रंगच उरत नाही. मग तो म्हणतो, जुन्या गाड्या टिकत नाहीत. त्या टिकतात. त्यांना टिकू दिलं पाहिजे.

तेव्हा तुमच्याकडं अशी एखादी गाडी असेल, पॅलिओ असो, झेन असो की वडिलांची पद्मिनी असो, तर कारागिराकडं नेल्यावर चमक किती येईल हे विचारू नका. ती कुणीही आणून देतो. गेज आहे का, ते विचारा. आकडे लिहून देतोस का, ते विचारा. आणि शेवटी विचारा, या गाडीवर तू कुठं हात लावणार नाहीस? ज्याच्याकडं या प्रश्नाचं उत्तर तयार असेल, गाडी त्याच्या हातात द्या.